आमची वाटचाल: आधी हत्यार, मग दगड

आम्ही सुरुवात केली ती कोरीवकामाच्या हत्यारांना धार लावून देण्यापासून. काम भरपूर यायचं. पण धार गेली की कारागिराचा हात थांबतो आणि हत्यार परत मिळेपर्यंत काम पडून राहतं, हे रोज दिसत होतं. म्हणून धार लावायचे दगड विकायला घेतले आणि ते वापरायला शिकवूही लागलो.

एक पथ्य पहिल्यापासून पाळलं: कुठली हत्यारं आहेत ते विचारल्याशिवाय दगड सुचवायचा नाही. सरळ पटाशीचं सपाट दगडावर भागतं. गोल पटाशी मात्र दगडावर मनगटातून फिरवत न्यावी लागते, नाहीतर धार एकसारखी लागत नाही. बाहेरून घासली की आतल्या कडेला बारीक बर, म्हणजे धातूची पातळ कड, उलटते. आतून बाहेर बोट हलकेच ओढलं की ती अडकते. ही बर काढायला गोल कडेचा छोटा दगड लागतो आणि त्याची गोलाई पटाशीपेक्षा किंचित लहानच हवी. मोठी असेल तर तो फक्त दोन्ही कोपरे खातो. हा छोटा दगड आम्ही आग्रहाने देतो, कारण नवशिके नेमका तोच घेत नाहीत.

कण किती बारीक आहे हे सांगणाऱ्या नंबरांचाही घोळ असतो. पी १००० पॉलिश पेपरचा कण साधारण १८ मायक्रॉनचा, तर जपानी १००० नंबरच्या दगडाचा त्याहून बारीक. त्यामुळे आमच्या लेबलवर मायक्रॉनही (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात.

पाणी लावून वापरायचे दगड झटपट कापतात, पण मऊ असल्याने अरुंद पटाशी त्यांत चर पाडते. ते वरचेवर डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेल्या पाटीवर) सपाट करावे लागतात. बारीक हत्यारं जास्त असतील तर आम्ही तेल लावून वापरायचा टणक आर्कान्सा दगड (अमेरिकेतला नैसर्गिक दगड) सुचवतो. वेळ लागतो, पण दगड सपाट राहतो.

कोणी थेट ८००० चा दगड मागितला, तर आधी १००० चा आणि चामड्याचा पट्टा घ्या, असंच सांगतो. पट्ट्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावून हत्यार फक्त मागे ओढायचं. गोल पटाशीच्या आतल्या बाजूसाठी हल्ली मऊ लाकडाचा कोरा ठोकळाही सोबत देतो. त्यावर आपल्याच पटाशीने शेजारी शेजारी दोन खाचा पाडायच्या. त्यांच्या मधे जो उंचवटा उरतो तो तिच्याच गोलाईला घासून घ्यायचा आणि त्यावर पेस्ट लावायची.