पुण्यात चिकन कुठून घ्यायचं? मला जे कळलंय ते सगळं

पुण्यात नवीन राहायला आलेलं कोणीही भेटलं की हा प्रश्न येतोच, आणि सगळ्यांना एखाद्या दुकानाचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही, खप बघा म्हणते. ज्या दुकानात सकाळी आलेल्या कोंबड्या संध्याकाळपर्यंत संपतात तिथलं चिकन ताजंच मिळणार, मग ते कॅम्पातलं शिवाजी मार्केट असो नाहीतर तुमच्या गल्लीच्या तोंडावरचं छोटं दुकान.

यात वारांचं गणित फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यातला एखादा तरी वार पाळतात, त्यामुळे खरा खप बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवारी संध्याकाळी ट्रेमध्ये कापून ठेवलेलं चिकन दिसलं तर ते रविवारचं उरलेलं असू शकतं, तेव्हा सरळ समोर कापून मागा, पाच-दहा मिनिटं जास्त लागतील पण थांबा. आणि गटारीला तर मी दुकानात जातच नाही, गर्दीत पिसं नीट निघत नाहीत, पीस कसेही तोडतात, ठोकळा धुवायला पण कुणाला वेळ नसतो.

भाव जिवंत वजनाचा आहे की साफ केलेल्याचा हे आधी विचारून घ्या. दोन किलोची जिवंत कोंबडी स्किन काढून साफ केली की साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम भरते. कलेजी-पेटा हवा असेल तर कापायच्या आधीच सांगायचं. मांस फिकट गुलाबी पाहिजे, बोटाने दाबलं की खड्डा राहता कामा नये आणि हाताला चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर घ्यायचंच नाही.

आता गावरानचं. इथे फसवणूक खूप होते म्हणून जरा सविस्तर लिहिते. बॉयलर ३५ ते ४२ दिवसांत तयार होतो, गावरानला कित्येक महिने लागतात, त्यामुळे ती बॉयलरच्या भावात मिळणं शक्यच नाही. गावरान म्हणून विकतात त्यात बऱ्याचदा फार्मवर वाढवलेल्या गिरीराजा, वनराजा, कावेरी अशा सुधारित जातीच्या कोंबड्या असतात, त्या खायला वाईट नाहीत पण मग तसं सांगून त्या भावात द्या ना! आणि काही ठिकाणी अंडी देणं कमी झालेल्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या खपवतात, शिजायला वेळ लागतो म्हणून घरी नेणाऱ्याला वाटतं अस्सल गावरानच आहे.

चोच बघा. पिंजऱ्यातल्या लेअरनी एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच त्यांच्या चोचीचं टोक कापतात, ती पुढून बोथट दिसते. अंगणात किडे टिपत फिरलेल्या कोंबडीची चोच अख्खी आणि टोकदार असते. शिवाय खुराड्यातल्या सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या असतील तर त्या फार्मच्याच समजा, खरी गावरान अंगाने सडपातळ, पाय लांब आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. मला विचाराल तर ती घ्यायला आठवडी बाजारात जावं, चार-पाच कोंबड्या घेऊन बसलेल्या मावशींकडे, त्यांनी घरीच वाढवलेल्या असतात आणि कोणती किती महिन्यांची हे त्या न विचारताच सांगतात.

पॅकेटचं चिकन मी कमी आणते पण त्याला नावं ठेवणार नाही, व्यंकीज तर इथलीच, १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या वेंकटेश्वरा हॅचरीज ग्रुपचं मुख्य ऑफिस पुण्यातच आहे. फक्त पॅकिंगची तारीख बघायची आणि फ्रोझन पॅकमध्ये गुलाबी बर्फाचा थर असेल तर ते मध्ये कुठेतरी वितळून परत गोठलेलं असू शकतं, ते न घेता दुकानातच ठेवून द्या.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडकडे जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) पेशंट वाढले तेव्हा कितीतरी लोकांनी घाबरून चिकनच सोडलं. तेव्हा ज्या कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जंतूचं नाव येत होतं तो कच्च्या चिकनवर असू शकतो पण पूर्ण शिजवल्यावर मरतो. त्यामुळे नळाखाली जोरात धुवून सिंकभर शिंतोडे उडवू नका, कच्च्या चिकनची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका, आणि हाडाजवळ लाल दिसतंय तोवर गॅस बंद करू नका.