तान्ह्या बाळाची झोप: दुपटं हवं, धुरी नको

तान्हं बाळ चोवीस तासांत साधारण 14 ते 17 तास झोपतं, पण सलग नाही. दर दोन-तीन तासांनी भूक लागते आणि दिवस-रात्रीतला फरक कळायला पहिले दोन-तीन महिने जातातच. तेव्हा बाळ रात्री उठलं म्हणून कुणी घाबरू नये.

आजीच्या पद्धतींत सगळ्यात गुणाचं दुपटं. तान्हं बाळ झोपेत दचकतं, हात फेकतं आणि स्वतःच्याच हातांनी जागं होतं. दुपट्यात ते हात आवरले जातात. जुन्या सुती साडीचा मीटरभर चौकोन पुरतो, मऊ आणि हवा खेळणारा. वरचा कोपरा वीतभर आत दुमडा आणि त्या दुमडीवर खांदे येतील असं बाळाला उताणं ठेवा. एक हात अंगालगत धरून त्या बाजूचं टोक छातीवरून नेऊन पाठीखाली खोचा. मग खालचा कोपरा सैलच वर घ्या, शेवटी दुसरी बाजू. छातीशी दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत.

'पाय सरळ होतात' म्हणून पाय ताणून बांधण्याची रीत मात्र सोडाच. पाय बेडकासारखे दुमडलेलेच हवेत. ताणून बांधले तर खुब्याचा सांधा निसटू शकतो. गरम होतंय का हे मानेमागे हात लावून बघा, हातपाय तसेही गारच लागतात. बाळ कुशीवर वळायची धडपड करू लागलं की दुपटं बंद. दोन महिन्यांपासूनच त्यावर लक्ष ठेवा.

क्रम असा: मालिश, अंघोळ, दूध, ढेकर, दुपटं. दूध पाजल्या पाजल्या मालिश केलं तर बाळ ओकतं, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. टाळूवर दाब नको, नाकाकानात तेल तर नकोच.

अंगाई म्हणताना आवाजापेक्षा लय सांभाळा, थोपटणं मध्येच जलद करू नका. डोळे पेंगुळले की खाली ठेवा: आधी ढुंगण, मग पाठ, डोकं शेवटी. छातीवरचा हात मिनिटभर तसाच राहू द्या. डोकं आधी टेकलं की बाळाला पडल्यासारखं वाटतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

धुरी आणि खोलीतली शेगडी पूर्ण बंद करा. ओव्याची असो की धुपाची, तो धूर कोवळ्या फुफ्फुसांतच जातो, आणि दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाचा वायू जिवावर बेततो. जायफळ उगाळून चाटवलं तर येते ती झोप नव्हे, गुंगी. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. मोहरीची उशीही नको, सपाट गादीवर उताणंच निजवा. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून झोळी फक्त नजरेसमोर, आणि डोळा लागला की लगेच गादीवर.