ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच हाती अहवाल

जिल्हा बाल संरक्षण कक्षात शहाद्याकडून, चोपड्याकडून किंवा साक्रीकडून फोन येतो : ‘त्या मॅडमना आमच्या घरी परत पाठवू नका.’ प्रतिपालक कुटुंबाची, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी ठेवून सांभाळणाऱ्या कुटुंबाची, कक्षाच्या कार्यकर्तीविरुद्धची तक्रार बहुतेकदा अशीच, तोंडी येते. मग ‘बघतो मावशी’ म्हणून फोन ठेवला जातो, नाहीतर तक्रार त्याच मॅडमकडे ‘अभिप्रायासाठी’ जाते. हा दुसरा प्रकार जास्त घातक. पुढच्या महिन्याचा गृहभेट अहवाल त्याच लिहिणार असतात, आणि कुटुंब काळजी घेण्यात कमी पडतंय असं दिसलं तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ प्रमाणे अशा मुलांबाबत निर्णय घेणारी बाल कल्याण समिती मूल तिथून हलवते. मावशींना हे पक्कं माहीत असतं. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘तक्रार करी त पोऱ्याले लई जातीन का?’

त्यामुळे पहिलं काम चौकशीचं नाही, हात बदलण्याचं आहे. तक्रार आली त्याच दिवशी त्या घराच्या भेटी आणि अहवाल दुसऱ्या कार्यकर्त्याकडे द्या, आणि ते लेखी द्या. ही शिक्षा नाही, हे कार्यकर्तीलाही त्याच पत्रात सांगा. मागच्या भेटींच्या नोंदींची प्रत लगेच काढून ठेवा. तक्रारीनंतर जुन्या तारखेने ‘घरात अस्वच्छता’ असा शेरा नस्तीत शिरला, तर नंतर तो खोडून काढणं फार अवघड जातं.

तोंडी तक्रार कक्षातल्या माणसाने ऐकून लिहून घ्यावी, तक्रारदाराला वाचून दाखवावी, सही किंवा अंगठा घ्यावा आणि आवक क्रमांकाची पोच हातात द्यावी. ‘मॅडम नीट वागत नाहीत’ एवढ्यावर चौकशी उभी राहत नाही. कुठल्या दिवशी, कोणासमोर, काय शब्दांत, हे विचारा. तारीख आठवत नसेल तर भिंतीवरचं कॅलेंडर बघायला सांगा. दुधाचे खाडे जिथे मांडलेले असतात, तिथेच कोण कधी आलं याची खूण अनेकदा सापडते. ती खूण भेटींच्या नोंदवहीशी आणि प्रवास देयकाशी ताडून बघा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची भेट कागदावर झाली आणि प्रत्यक्षात नाही, हे इथेच उघड होतं. उलटही घडतं : कापूस वेचणीच्या दिवसांत घराला कुलूप असतं, कार्यकर्ती येऊन गेलेली असते आणि घरच्यांना पत्ताच नसतो.

मग तक्रार नेमकी कशाची आहे ते वेगळं करा. सगळा गोंधळ इथेच होतो. मिशन वात्सल्य या बालसंरक्षणाच्या सरकारी योजनेतून मुलासाठी मिळणारे महिन्याचे ४००० रुपये अडकले की दोष कार्यकर्तीवर येतो. इथे समितीचा आदेश, निधीची मंजुरी आणि बँकेतली नोंद या तीन तारखा शेजारी मांडा. अडलंय कुठे ते दिसतं. जन्मदात्या आईला भेटू दिलं म्हणून राग असेल, तर तो समितीचा निर्णय असू शकतो. प्रतिपालनाबाबतच्या समितीच्या आदेशावर अपील जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आदेशापासून ३० दिवसांत. समितीच्या कामकाजाविषयीचं गाऱ्हाणंही त्यांच्याकडेच जातं. कक्षाने ‘चौकशी चालू आहे’ म्हणत महिना घालवला, तर कुटुंबाची अपिलाची मुदत निघून जाते. म्हणून हा मार्ग पहिल्याच भेटीत सांगायला हवा.

काही तक्रारींची कक्षाने स्वतः चौकशी करत बसायचंच नाही. पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४. मुलाला मारहाण झाली असेल तर पोलीस आणि समिती. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी खात्री करून घेऊ’ हे वाक्य इथे चालत नाही.

उरतं ते वागणुकीचं : उद्धट बोलणं, भेटीला न येणं, मुलासमोर ‘हे तुझे खरे आईबाप नाहीत’ म्हणणं. याचा लेखी खुलासा मागवायला सात दिवस पुरे. तक्रारीची प्रत कार्यकर्तीला मिळालीच पाहिजे. काय आरोप आहे हे न सांगता खुलासा मागणं अन्यायाचं आहे. कंत्राटी नोकरीत, एसटीने तालुकेच्या तालुके फिरणाऱ्या माणसाचं म्हणणं नीट ऐकून घेणं हाही चौकशीचाच भाग.

मुलाशी बोलायचं तर दोन्ही बाजूंपासून दूर, त्याच्या भाषेत. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाचा जबाब थेट प्रमाण मराठीत उतरवला की त्यात मोठ्यांचेच शब्द येतात. दुभाष्या म्हणून त्या घरचा नातेवाईक नको, कक्षातला माणूसही नको. सरपंच, पोलीस पाटील यांच्यासमोर ओट्यावर बसून तर मुळीच नको. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ची मनाई आहे. तक्रारीचा फोटो कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणं तिथेच थांबवा.

उत्तर लेखी द्या. तक्रारीतला प्रत्येक मुद्दा, त्यावर काय तपासलं, काय आढळलं, काय केलं, आणि समाधान नसेल तर पुढे कुठे जायचं : जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, मग नाशिकचे विभागीय उपायुक्त. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे’ हे उत्तर नव्हे. तक्रार खरी ठरली नाही तरी तसं कारणासह लिहा, आणि ते पत्र घरी जाऊन वाचून दाखवा. पुढचे तीन गृहभेट अहवाल वरिष्ठांनी स्वतः आधीच्या अहवालांशी लावून वाचावेत. वर्षभर ‘समाधानकारक’ असलेलं घर तक्रारीनंतर अचानक ‘असमाधानकारक’ झालं, तर समितीकडे कागद जाण्याआधी वरिष्ठांनी स्वतः त्या घरी जाऊन यावं.