राखेत पाणी घालायचं नाही

आमच्या शाळेत राख करण्याचं काम माझ्याकडे आलं ते अगदी साध्या कारणाने. मी रसायनशास्त्र शिकवतो, प्रयोगशाळेच्या मागे मोकळी जागा आहे आणि आग विझवायचं नळकांडं माझ्या ताब्यात असतं. सोळा वर्षांपूर्वी मी नवा असताना मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, "सर, जाळणं हा तुमचाच विषय." तेव्हापासून दर वर्षी राखेच्या बुधवारची, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी कपाळाला लावायची राख माझ्या हातची असते. मी स्वतः कॅथलिक नाही. शिक्षकखोलीतले निम्मे तरी नाहीत, मुलांमध्येही बरीच नाहीत. तरी या राखेचा मला छुपा अभिमान आहे. ज्या दिवशी माणसाला त्याच्या मातीपणाची आठवण करून द्यायची, त्या दिवशी अभिमान बाळगणं बरं दिसत नाही, हे कळतं. पण आहे.

ही राख झावळ्यांची असते. ईस्टरच्या आदल्या रविवारी, येशू यरुशलेमात आला त्याची आठवण म्हणून, चर्चमध्ये झावळ्यांना आशीर्वाद देऊन त्या वाटतात. लोक त्या घरी नेऊन क्रुसामागे खोचून ठेवतात. काही जण पात्यांच्या घड्या घालून छोटे क्रूस विणतात. आशीर्वाद दिलेली वस्तू कचऱ्यात टाकायची नसते, म्हणून वाळून पिवळ्या पडलेल्या झावळ्या वर्षभराने परत येतात आणि जाळल्या जातात. त्याच राखेने उपवासकाळाची सुरुवात होते. गेल्या वर्षी जयजयकार करताना हलवलेलं पान यंदा कपाळावर.

2024 साली हा बुधवार 14 फेब्रुवारीला आला.

माध्यमिक शाळेत या तारखेचा अर्थ काय ते सांगायला नको. विद्यार्थी मंडळाने जानेवारीतच लाल कागदी बदामांची टपालपेटी जाहीर केली होती. ज्याला त्याला चिठ्ठी लिहायची, सोबत एक चॉकलेट, जमलेले पैसे मदतनिधीला. सिस्टरांनी बुधवारला नकार दिला. मंडळाची अध्यक्ष दहावीतली, पुढे वकील होणार यात मला शंका नाही. ती म्हणाली, "सिस्टर, तारीख आम्ही ठरवलेली नाही." सिस्टर म्हणाल्या, "मीही नाही. चंद्राने ठरवली." म्हणजे खरोखरच. वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. तिथून शेहेचाळीस दिवस मागे मोजले की राखेचा बुधवार. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून उपवासकाळ चाळीस दिवसांचा.

मुलगी हटेना. तिचं म्हणणं, या दिवशी मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि चॉकलेट म्हणजे मांस नव्हे. उपवासाचा नियम अठरा पूर्ण झालेल्यांना आणि शाळेत अठरा पूर्ण झालेलं कुणी नाही, शिक्षक सोडले तर. हे सगळं तिने कॅनन कायद्यातून, म्हणजे चर्चच्या कायद्यातून काढून आणलं होतं. इतिहासाच्या बाईंनी मध्येच भर घातली की संत व्हॅलेंटाइन तर 1969 मध्येच चर्चच्या सर्वसाधारण पंचांगातून निघाले, आता 14 फेब्रुवारी हा स्लाव लोकांत धर्म नेणाऱ्या सिरिल आणि मेथोडियस या भावांचा दिवस. त्याने कुणाचीच बाजू बळकट झाली नाही, पण बाईंना राहवत नाही. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कायदा बरोबर वाचलास. आता मंगळवारी वाट."

तर मंगळवारी पुढच्या व्हरांड्यात लाल बदाम फिरत होते आणि मागे मी जाळत होतो.

झावळ्या जमा करायला चॅपेलच्या, म्हणजे शाळेतल्या छोट्या प्रार्थनागृहाच्या, दाराशी पंधरा दिवस एक खोका ठेवलेला असतो. मी खोका उचलायला गेलो तेव्हा दहावीतला एक मुलगा तिथेच उभा होता, हातात विणलेला क्रूस. मला वाटलं, टाकायला आलाय. त्याने तो खोक्यात टाकला नाही. "सर, हा मी आणू का तिकडे?" म्हणाला. मी आण म्हटलं. दोन मदतनीस मुलं दर वर्षी असतातच, तिसरा आला तर काय बिघडलं.

राख करणं वाटतं तितकं सोपं नाही. वाळलेली झावळी भसकन पेटते, आणि हवा भरपूर मिळाली की मागे उरते ती फिकट राखाडी, जवळजवळ पांढरी राख. ती कपाळावर दिसतच नाही. काळी हवी असेल तर ज्वाळा बसत आल्या की पिंपावर झाकण टाकायचं, हवा तोडायची आणि कोळसा धरू द्यायचा. मग खलात कुटायचं आणि बारीक चाळणीने दोनदा चाळायचं, नाहीतर एखादी काडी कुणाच्या तरी डोळ्यात जायची. खोकाभर झावळ्यांतून निघते वाटीभर राख. पहिल्या वर्षी मी ती वाटी घेऊन सिस्टरांकडे गेलो होतो तेव्हा माझा चेहरा पडलेला होता. त्या म्हणाल्या, "पुरते." सातशे कपाळांना खरंच पुरते.

मुलगा शेवटपर्यंत क्रूस हातात धरून होता. सगळं पिंपात गेलं तरी. मी विचारलं नाही, वाट बघितली. मग तोच बोलला. तो क्रूस त्याच्या आजोबांनी विणलेला, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, 2 एप्रिलला, चर्चच्या पायरीवर बसून. दर वर्षी विणायचे, घरातल्या प्रत्येकाला एक. डिसेंबरात ते गेले. शाळेत नोव्हेंबर महिन्यात मृतांच्या नावांची वही चॅपेलमध्ये ठेवतात. ज्याला त्याला आपल्या माणसाचं नाव तीत लिहिता येतं, कॅथलिक असो वा नसो. डिसेंबरात गेलेल्या माणसाला त्यासाठी अकरा महिने थांबावं लागतं. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं, जणू आजोबांनी फॉर्म उशिरा भरला.

"घरी ठेव की," मी म्हटलं. "जाळायलाच हवा असं नाही."

"आजोबा स्वतः दर वर्षी जाळायला द्यायचे. ठेवला तर त्यांना आवडणार नाही." मग जरा थांबून, "पण सर, याची राख वेगळी काढता येईल?"

येईल, मी म्हणू शकलो असतो. मुशीत घालून बर्नरवर पाच मिनिटांचं काम. चिमूटभर निघाली असती, काचेच्या नळीत भरून दिली असती. त्याच्या जागी मी असतो तर मला तेच हवं असतं. मी तसं सांगितलंही. तो बराच वेळ पिंपाकडे बघत राहिला. मदतनीस मुलांपैकी एकाने, ज्याला अशा वेळी गप्प बसावं हे कुणी शिकवलेलं नाही, विचारलं, "आणि यात टाकला तर?"

"मग तो सगळ्यांत मिसळणार," मी म्हटलं. "पुन्हा वेगळा करता येणार नाही. कुठल्याच पद्धतीने."

"म्हणजे सगळ्यांना लागणार?"

"चाळणी नीट झाली तर."

त्याने क्रूस पिंपात टाकला. फार पटकन, जणू विचार बदलायच्या आत. मी झाकण टाकलं. त्या दिवशी चाळणी त्यानेच केली, दोनदा नाही, चार वेळा.

बुधवारी सकाळी सभागृहात मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची उपासना. चॅपेलमध्ये एवढी शाळा मावत नाही. वेदीवर जांभळं वस्त्र, फुलं नाहीत, 'आलेलुया'चा जयघोष नाही. ते आता थेट ईस्टरला. शुभवर्तमानाचं वाचन दर वर्षी तेच असतं, मत्तयाचा सहावा अध्याय: उपवास करताना तोंड उतरवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपवास लोकांना दिसणार नाही. आणि हे वाचून झालं की लगेच सगळ्यांच्या कपाळावर राख. आदल्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीने वर्गात नेमकं हेच विचारलं होतं. फादरांनी तो प्रश्न प्रवचनात घेतला. म्हणाले, "चाळीस वर्षं मी याचं उत्तर शोधतोय. तोंड धुवायचं की तोंडाला काळं फासायचं? मिळेपर्यंत फासून घेऊ." मुलं हसली. सिस्टर हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत.

माझी काळजी वेगळी असते. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओली केली की अल्कली तयार होतो. लाल लिटमस बुडवला की निळा होतो, हे मी दर वर्षी वर्गात दाखवतो. राख पाण्यात कालवून कपाळाला लावली आणि कातडी भाजली, असं खरोखर घडलेलं आहे. चिकटायला हवी असेल तर तेलाचा एखादा थेंब, पण पाणी नाही. पंचाईत अशी की विधीमध्येच राखेवर पवित्र पाणी शिंपडतात. म्हणून मिस्सेआधी मी फादरांना दर वर्षी आठवण करतो, "फादर, थेंब-दोन थेंबच," आणि ते दर वर्षी म्हणतात, "सर, तुमची श्रद्धा कमी पडतेय."

प्रवचनानंतर आशीर्वाद झाला आणि चार रांगा लागल्या. इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला फार उशिरा लक्षात आली. मिस्सेत कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर घेण्याची, रांग असते, आणि ती सगळ्यांसाठी नसते. आमच्यासारखे लोक एक तर बाकावर बसून राहतात किंवा छातीवर हातांची फुली करून पुढे जातात आणि फक्त आशीर्वाद घेतात. कुणी कुणाला कमी लेखत नाही, तरी त्या दहा मिनिटांत कोण कुठला ते सभागृहात स्पष्ट दिसतं. राखेच्या रांगेत तसं नाही. ती घ्यायला बाप्तिस्मा लागत नाही. ज्याला हवी त्याने यावं. त्यामुळे वर्षातली ही एकच रांग अशी, की बाक जवळपास रिकामे होतात आणि वर्ग जसा हजेरीपटावर आहे तसाच्या तसा सरकत पुढे जातो.

राख लावायला फादरांच्या मदतीला सिस्टर आणि दोन शिक्षक होते. आशीर्वाद धर्मगुरूनेच द्यायचा, लावायला इतर चालतात. मी शेवटच्या रांगेपाशी ताटली घेऊन उभा. ताटलीत लिंबाच्या फोडी आणि पाव, लावणाऱ्यांचे अंगठे पुसायला. साबणाला ती काळिमा दाद देत नाही. अंगठा उठतो, आडवी रेघ, उभी रेघ, "तू माती आहेस आणि मातीला मिळशील." पुढचा. पंधरा वर्षांची, आदल्याच दिवशी लाल बदाम मिळालेली मुलं, त्यांना हे वाक्य ऐकवायचं. मला सुरुवातीला ते क्रूर वाटायचं. आता त्यांचे चेहरे बघतो तर तसं काही दिसत नाही. बहुतेकांना आपलं कपाळ आरशात कसं दिसतं याचीच घाई असते.

तो मुलगा राख घेऊन जागेवर परतला आणि बसला नाही. पाठीमागच्या भिंतीशी उभा राहिला. आधी मला वाटलं, रडतोय की काय. नंतर कळलं, तो कपाळं बघत होता. एकेक. आठवीतली बुटकी पोरं, फुटबॉलच्या संघातले दांडगट, विद्यार्थी मंडळाची वकीलबाई, लिपिक, शिपाईमामा. वर्गशिक्षकांनी खूण केली, खाली बस म्हणून, मी त्यांना खूण केली, राहू द्या म्हणून. मिस्सेत शिक्षकांनी एकमेकांना खुणा करू नयेत असा नियम आहे.

मधल्या सुट्टीत तो प्रयोगशाळेत आला. उरलेली राख वाटीत होती. ती झाडाच्या मुळाशी मातीत मिसळायची असते. त्याने वाटी घेतली, आम्ही मागे गेलो, त्याने बोटाने छोटा खळगा केला आणि वाटी उपडी केली. पंधरा सेकंदांचं काम.

"सर, आमच्या वर्गशिक्षकांच्या वाट्याला आजोबा जरा जास्तच आलेत," तो म्हणाला. "पार भुवईपर्यंत."

"पुसले का त्यांनी?"

"पुसत होते. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत असू द्या."

मग माझ्या कपाळाकडे बघून, "तुम्हाला नाही लावली?"

"मी लिंबूवाला," मी म्हटलं. सोळा वर्षं मी त्या ताटलीमागे उभा असतो. रांगेत जायला कुणी अडवलेलं नाही, बोलावलंही बऱ्याच वेळा. का गेलो नाही, हे मला नीटसं सांगता येणार नाही.

त्याने माझा हात बघितला. मंगळवारपासून तीनदा धुतला होता, तरी नखांच्या कडा काळ्याच होत्या.

"तुमच्या नखांत आहेत की ते," म्हणाला, आणि घंटा झाली तसा वर्गाकडे पळाला.