नवगावचे कबरस्तान

अलिबागला मी आजवर अनेकदा गेलो आहे, परंतु केवळ नवगावला जायचे म्हणून घरातून निघण्याची ही पहिलीच वेळ होती. गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून बसने चोंढी आणि पुढे रिक्षा, असा हा प्रवास डिसेंबरात फारसा त्रासाचा नाही. थळ आणि किहीम यांच्यामध्ये वसलेल्या या गावात पर्यटकांची गर्दी नसते. नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जाणारी अरुंद वाट समुद्राकडे उतरते आणि त्या वाटेच्या आसपासच बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे जुने कबरस्तान आहे.

वाडीत सोडणे रचत बसलेल्या एका आजोबांना मी वाट विचारली. त्यांनी हातातले काम थांबवले आणि विचारले, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितले. थोडा वेळ आठवून पाहिल्यासारखे करून ते म्हणाले, "मग तुमचं कोणी नाही तिथं. पण जा, बघून या." इस्राएलहून येणारी माणसे आपल्या पणजोबांची कबर शोधत याच वाटेने जातात, तेव्हा त्यांनाही आडनावच विचारावे लागते, असा खुलासा त्यांनी मागाहून केला.

या जागेची कथा बेने इस्राएल घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास छळाला कंटाळून मायदेश सोडलेल्या ज्यू कुटुंबांचे गलबत चौल बंदराकडे येत असताना नवगावजवळ खडकांवर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते किनाऱ्यावर पुरण्यात आली, पुरुषांची एका ठिकाणी आणि स्त्रियांची दुसऱ्या ठिकाणी. काळाविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत आणि काहीजण हे आगमन कित्येक शतके अलीकडे आणतात. तरीही किनाऱ्यावर उभे राहून समोर पाहिले की खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात, आणि या पाण्यात जहाज फुटणे किती सोपे होते हे सांगायला पुराव्याची गरज उरत नाही. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला तो मुंबईच्या तोंडावर पहारा ठेवण्यासाठी, आणि १८६७ मध्ये त्याच बेटावर दीपगृह उभे राहिले ते जहाजांना वाट दाखवण्यासाठी.

परंपरेने दाखवली जाणारी ती दोन टेकाडे मी प्रथम पाहिली. 'टेकाड' हा शब्दही कदाचित मोठा ठरेल, कारण जमीन तिथे जराशी उंचावलेली आहे, इतकेच. वर ना दगड, ना अक्षर. शेजारी उभारलेला स्मारकस्तंभ नसता, तर मी त्या उंचवट्यावरून सहज चालत गेलो असतो, आणि हा विचार मनात येताच मी दोन पावले मागे सरलो. ज्यू धर्मात कबर कायमची मानली जाते, त्यामुळे नावे माहीत नसलेल्या माणसांसाठीही एवढी जमीन राखून ठेवणे हे त्या समाजाला स्वाभाविकच वाटले असणार.

गलबताबरोबर धर्मग्रंथही बुडाले, असे ही कथा सांगते. मागे राहिले ते पाठ असलेले 'शमा' हे प्रार्थनेचे शब्द, शनिवारचा विसावा, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम. तेल गाळण्याचा धंदा करणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. सणांची नावेही मराठी झाली. प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस दाराफाळणीचा सण झाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणू लागले. सणाला घरी आलेले पितर शिळ्या सणाला परत जातात, अशी जुनी समजूत होती. सर्वपित्री पाहत वाढलेल्या मला या समजुतीत परके काही वाटले नाही.

मुख्य कबरस्तानात मात्र अक्षरेच अक्षरे आहेत. काही कबरी नुसत्या घडीव दगडाच्या आहेत, पण नंतरच्या काळातल्या दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी असा लेख कोरलेला दिसतो. एका दगडाशी मी बराच वेळ बसलो. त्यावर वाळू आणि वाळलेले शेवाळ इतके साचले होते की काही वाचता येईना. बाटलीतले पाणी हलकेच ओतले आणि ओली बोटे खोबणीतून फिरवली, तेव्हा एकेक अक्षर काळे होऊन वर आले. सुरुवातीला 'पे' आणि 'नून' ही दोन हिब्रू अक्षरे होती, ज्यांचा अर्थ 'येथे पुरले आहे' असा होतो. त्याखाली मराठीत बायबलमधले एक नाव, त्याला जोडून 'बाई', मग नवऱ्याचे नाव आणि शेवटी कोकणातल्या एका गावाला 'कर' लावून झालेले आडनाव. मराठी अक्षरांचे काने आणि वेलांट्या सफाईदार होत्या. हिब्रू अक्षरे मात्र समोर कागद ठेवून, एकेक रेघ पाहून कोरल्यासारखी वाटत होती. सन दोन होते, एक हिब्रू आणि एक इसवी. हिब्रू सनातून ३७६० वजा केले की साधारणपणे इसवी सन मिळतो, मात्र ज्यू नववर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात येत असल्यामुळे वर्षाच्या अखेरीस एकाचा फरक पडतो.

दोन लिपी एका दगडावर येण्यामागेही इतिहास आहे. विसरलेली हिब्रू या समाजाने मोठ्या प्रमाणावर पुन्हा शिकून घेतली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तीही मराठीतून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत तयार केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे खरे. बेने इस्राएलांनी मात्र त्या शिक्षणातून आपला स्वतःचा धर्मच अधिक पक्का केला. पुढे त्यांचे प्रार्थनेचे ग्रंथ मराठी भाषांतरासह छापले गेले आणि मराठीतून कीर्तनेही रचली गेली. ही गोष्ट शाळेतल्या माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हती, याचे मला त्या दगडाशेजारी बसून मनापासून वाईट वाटले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या माणसांना मोठे प्रकरण मिळायला हवे.

१९४८ च्या सुमारास या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्यानंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. दुपारी मी अलिबागच्या इस्राएल आळीत गेलो, तेथील मागेन आबोथ हे १९१० चे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बाहेरूनच पाहिले आणि परत फिरलो, कारण मन अजून नवगावातच होते.

निघण्यापूर्वी वाडीतल्या आजोबांना पुन्हा भेटलो होतो. "सापडलं का काही?" त्यांनी विचारले. मी त्या ओल्या दगडाविषयी सांगितले आणि दगडावरचे आडनावही सांगितले. ते लगेच म्हणाले, "त्यांची वाडी होती इथंच, विहिरीच्या पलीकडं. विहिरीला अजून त्यांच्याच नावानं ओळखतात."

संध्याकाळी मांडव्याकडे जाणाऱ्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. या समाजाचा सविस्तर इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थांचे आडनाव किहीमकर होते, हे मला पूर्वीपासून ठाऊक होते, पण किहीमच्या पाटीकडे मी त्या अर्थाने कधी पाहिले नव्हते. आधी थळची पाटी गेली, मग नवगावचा फाटा, मग किहीम. प्रत्येक नावापुढे मी मनातल्या मनात 'कर' लावून पाहत होतो.