बझर वाजला की आधी इंजिन बंद

जर्मनीत कासेलजवळच्या चढावर, ए७ हायवेवर, ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि बझर सुरू झाला. अशा वेळी मी विचार करत बसत नाही. गाडी कडेला, इंजिन बंद. तेलाचा दाब खरंच गेला असेल तर इंजिनातले बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही. डिपस्टिक बघितली, तेल पुरेसं होतं.

आमची कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेली व्हॅन, १९८७ ची फोक्सवॅगन टी३, पाण्याने थंड होणारं बॉक्सर (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेलं) इंजिन. यात दाबाचे स्विच दोन. ०.३ बारचा (बार हे दाबाचं एकक) स्विच दाब नसताना सर्किट जोडून ठेवतो, दाब आला की सोडतो. ०.९ बारचा नेमका उलटा: दाब आल्यावर सर्किट जोडतो, आणि त्याची दखल साधारण २००० आरपीएमच्या वरच घेतली जाते. म्हणून याची वायर तुटली तर तेल व्यवस्थित असूनही बझर बोंबलतो. अर्थात, खरोखर कमी पडलेला दाबही हेच लक्षण दाखवतो, त्यामुळे मोजल्याशिवाय सुटका नाही.

स्विच काढून तिथे दाब मोजणारा मेकॅनिकल गेज लावला. ८० अंशांच्या तेलाला २००० आरपीएमवर किमान २ बार हवेत. काटा त्याच्या बराच वर होता. वायर कनेक्टरपाशी आतून तुटलेली निघाली. नवी टाकली.

जाड तेल ओतून बझर गप्प करायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो मुळीच पटत नाही, खरा आजार त्याने झाकला जातो. गेज घेताना एम१० बाय १ (१० मिमी व्यास, १ मिमी अंतर) आट्यांचा अडॅप्टर सोबत घ्या; या स्विचच्या जागी तोच बसतो.