चेनजियागोउमध्ये राहून ताईची शिकताना

मी पुण्यात कराटे शिकवते. ताईची या चिनी युद्धकलेची चेन घराण्याची पद्धत मी काही वर्षं आठवड्यातून एकदा शिकत होते आणि दर रविवारी माझ्यात त्याच दुरुस्त्या व्हायच्या. दंड उचललेला, खुबा आवळलेला, छाती पुढे. बुधवार उजाडेपर्यंत शरीर सगळं विसरलेलं असायचं. जिथे ही विद्या घडली तिथेच काही महिने जाऊन राहायचं, हे त्यामुळे मनात पक्कं होत गेलं. 2019च्या पावसाळ्याच्या शेवटी निघाले आणि कडाक्याची थंडी सुरू झाल्यावर परतले.

चेनजियागोउ हे हेनान प्रांतातल्या वेन तालुक्यातलं गाव, पिवळ्या नदीच्या उत्तरेला. शाओलिन मंदिर त्याच प्रांतात, नदीच्या दक्षिणेला डेंगफेंगजवळ आहे आणि परदेशी विद्यार्थी बहुतेक तिकडेच वळतात. चेनजियागोउचा नावलौकिक वेगळा आहे. सतराव्या शतकात, मिंग राजवट कोसळत असताना, याच गावच्या चेन वांगतिंग यांनी ही पद्धत बांधली असं मानतात. पुढे दोनेकशे वर्षं ती चेन कुटुंबातच राहिली. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान हा बाहेरचा माणूस इथे चेन चांगशिंग यांच्याकडे शिकला आणि त्याने ती बीजिंगपर्यंत नेली. आज बागांमध्ये जी संथ ताईची दिसते, तिचा मोठा भाग त्याच्या शाखेतून आला आहे. यांग ज्या अंगणात शिकला असं सांगतात, ते गावात जपून ठेवलंय. 2020 मध्ये ताईचीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. व्हिसासाठी आधी तिथल्या ताईची अकादमीचं पत्र मागवलं, मग मुंबईच्या चिनी व्हिसा केंद्रात अर्ज केला. चीनमध्ये पोचल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे राहण्याची नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलं तर ते काम हॉटेल करतं, अकादमीत राहायचं तर अकादमीचा माणूस बरोबर येतो. हेनानची राजधानी झेंगझोउपर्यंत विमान आणि पुढे गाडी. गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथे चालत नाही, म्हणून घरच्यांच्या फोनवर वीचॅट आधीच घालून दिलं होतं.

अकादमीत मोठे विद्यार्थी थोडे, मुलंच जास्त. सहासात वर्षांपासूनची पोरं तिथेच राहतात, शाळेचा अभ्यासही तिथेच आणि उरलेला वेळ मैदानात. खोलीत दोन लाकडी खाटा, पातळ गादी आणि गरम पाण्याचा थर्मास. सकाळी धावणं, नाश्ता, मग दोन-अडीच तासांचं सत्र. जेवणानंतर सगळं आवार झोपतं. दुपारी पुन्हा तेवढंच सत्र, आणि रात्री ज्याला हवं त्याने स्वतःचं करावं.

सत्राची सुरुवात उभं राहण्याने होते. पाय खांद्याइतके रुंद, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी आत, हात छातीसमोर गोलाकार. एवढंच. पाच मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात, दहा मिनिटांत दंड भरून येतात. शिफू, म्हणजे आमचे गुरुजी, मधून फिरत असतात. ते बोलत फारसे नाहीत. खांद्यावर दोन बोटं टेकवतात आणि खांदा खाली उतरेपर्यंत बोटं काढत नाहीत.

त्यानंतर लाओजिया यीलू, म्हणजे जुन्या चौकटीचा पहिला क्रम. त्यात चौऱ्याहत्तर हालचाली मोजतात. क्रम मला पाठ होता, त्यामुळे तिथला वेळ पाठांतरात गेला नाही. जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, क्रम घरून शिकून जा. कारण तिथलं खरं शिक्षण म्हणजे ‘न्येजिया’. तुम्ही एका स्थितीत थांबायचं आणि शिफूंनी हाताने तुमचं शरीर मळल्यासारखं दुरुस्त करायचं.

‘दानब्यान’ या स्थितीत मी पहिल्यांदा थांबले तो प्रसंग सांगते. डावा हात बाजूला पसरलेला, उजव्या हाताची बोटं चोचीसारखी जुळलेली, पाय रुंद. मला वाटत होतं की उभं राहणं चांगलं जमलंय. शिफूंनी एक तळवा माझ्या माकडहाडावर ठेवला, दुसरा जांघेच्या घडीवर, आणि मला जेमतेम दोन बोटं खाली बसवलं. मग गुडघा बाहेर वळवून पायाच्या बोटांच्या रेषेत आणला, कोपर खाली ओढलं, छातीवर हलकी थाप मारून ती सैल करायला लावली. एवढ्याने सगळं वजन मांडीत उतरलं. ‘हलू नकोस’ असं खुणेनं सांगून ते पुढच्या मुलाकडे गेले. पाय लटलट कापत होते, पण कंबरेत अशी मोकळीक मी पूर्वी कधी अनुभवली नव्हती.

माझ्या शरीरात कराटे मुरलेलं आहे. आमच्याकडे ठोसा संपतो त्या क्षणी मागचा पाय ताठ होतो, खुबा कुलूपबंद होतो आणि सगळं बळ एका टोकावर थांबतं. कराटेसाठी ते योग्यच आहे आणि मी आजही तसंच शिकवते. चेन पद्धतीत मात्र टाचेतून निघालेला पीळ खुब्यातून, कमरेतून बोटांपर्यंत न तुटता जायला हवा. खुबा बंद झाला की तो तिथेच अडतो. शिफूंनी त्यासाठी मला कित्येक सकाळी नुसतं एका हाताचं वर्तुळ दिलं. वजन डावीकडे, कंबर वळते, हात मागून येतो, वजन उजवीकडे. ‘फांगसोंग’, म्हणजे सैल सोड, हा शब्द दिवसभर कानावर पडायचा.

मधल्या काळात माझा उजवा गुडघा दुखायला लागला. या पद्धतीत हे दुखणं सर्रास आढळतं. खुबा वळत नाही, मग ते वळणं गुडघ्याला सोसावं लागतं, आणि गुडघ्याचा सांधा पिळायला बनलेलाच नाही. शिफूंनी माझी बैठक लगेच उंच केली आणि गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही असं बजावलं. दुखणं हळूहळू गेलं. दुखऱ्या गुडघ्याला ‘अजून खाली बस’ म्हणणारा शिक्षक भेटला तर ती जागा सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी जोडीने ‘तुईशौ’ चालायचं. दोघांचे हात एकमेकांना टेकलेले, ते न सोडता समोरच्याचा तोल काढायचा. माझी जोडीदार चौदापंधरा वर्षांची, माझ्या खांद्याला लागणारी मुलगी. ती मला मावशी म्हणायची. मी ढकललं की तिच्या मनगटाखाली काहीच सापडायचं नाही, आणि मी पुढे झुकले रे झुकले की तिच्या कमरेच्या बारीकशा वळणाने माझी टाच उचलली जायची. मग ती माझा हात धरून नेमका कुठला स्नायू आवळला गेला ते बोटाने दाखवायची. तिने सहज दाखवलेल्या या गोष्टी मला आमच्या रविवारच्या वर्गात कधीच कळल्या नसत्या.

मी शाकाहारी, पण जेवणाचे हाल झाले नाहीत. मांतोउ म्हणजे वाफवलेले पाव, नूडल्स, कोबी, टोफू रोज असायचं. शिवाय वेन तालुका ज्यासाठी प्रसिद्ध आहे तो लांब, बारीक कंद, ‘थिएगुन शानयाओ’. नुसता उकडून सालासकट समोर ठेवतात. आपल्या कोनफळाचाच हा भाऊबंद, चवीला कोरडा, पिठूळ, किंचित गोड. एकादशीला माझं तेच जेवण असायचं.

जायचं असेल तर चिनी नववर्षाचे दिवस टाळा, तेव्हा मुलं घरी जातात आणि सत्रं बंद असतात. हाताशी निदान दोन-तीन महिने हवेत. सकाळी झालेली दुरुस्ती दुपारी आणि पुन्हा दुसऱ्या सकाळी त्याच हातांनी झाली, तरच ती अंगात उतरते. पंधरा दिवसांत क्रम नक्की शिकवतात, पण तेवढ्यासाठी इतक्या लांब जाऊ नये.

निघताना मी शिफूंना दुसऱ्या क्रमाबद्दल, पावचुईबद्दल विचारलं. तो वेगवान, उड्यांचा आणि ठोशांचा क्रम आहे. पहिला क्रम खुब्यातून चालायला लागला की ये, असं ते म्हणाले. सध्या रोज पहाटे टेकडीवर जाऊन पहिला क्रम तीनदा करते, आणि त्यातलं एक आवर्तन फक्त खुब्यावर लक्ष ठेवून.